बालवाङ्मयातील प्रादेशिक इतिहास : मुंबई उपनगर

मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून आपला प्रदेश व आपले राज्य यांच्या गतकाळाचा परिचय करून देणे, हे बालवाङ्मयाचे एक जुने कार्य होय. पाठ्यपुस्तके, चरित्रे, ऐतिहासिक कथा-कादंबऱ्या, बालमासिके, चित्रकथा व स्थलवर्णने अशा विविध रूपांनी ते मराठीत एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इ. वस्त्यांचा मिळून झालेला मुंबई उपनगर जिल्हा या दृष्टीने दोन कारणांमुळे विशेष लक्षणीय ठरतो. एक म्हणजे, येथील लोकसंख्येचा फार मोठा भाग कोकण, देश, विदर्भ, गुजरात, उत्तर व दक्षिण भारत येथून आलेल्या कुटुंबांचा आहे. परिसराचा इतिहास या कुटुंबांतील मुलांना घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून सहसा मिळत नाही. तो पुस्तकातूनच मिळू शकतो. दुसरे म्हणजे, महाराष्ट्राच्या इतिहासाचा जो कालखंड मुलांच्या पुस्तकांत केंद्रस्थानी असतो, त्या शिवकालात हा परिसर स्वराज्याच्या सीमेबाहेर होता. त्यामुळे मुलाने पुस्तकात वाचलेला राज्याचा इतिहास आणि त्याच्या घराभोवतीचा इतिहास यांची सांगड आपोआप पडत नाही. ती घालून देणे हे बालवाङ्मयाचे काम ठरते.

परिसराची ऐतिहासिक पार्श्वभूमी : आजचा उपनगर जिल्हा प्रायः जुन्या साष्टी बेटाच्या दक्षिण व मध्य भागांत वसलेला आहे. सहासष्ट गावांचे म्हणून ‘साष्टी’, अशी या नावाची व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. बोरिवलीजवळच्या डोंगरातील कान्हेरी येथे शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे एक सहस्र वर्षे तेथे भिक्षूंचा वावर होता. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा, नासिक इ. ठिकाणच्या दात्यांची नावे आढळतात. व्यापारी, गृहस्थ व स्त्रिया यांचा त्यांत समावेश आहे. अंधेरीजवळची महाकाली ऊर्फ कोंडिवटे येथील बौद्ध लेणी, जोगेश्वरीचे शैव लेणे व बोरिवलीचे मंडपेश्वर लेणे ही या परिसरातील अन्य प्राचीन स्थळे होत. शिलाहारांच्या व यादवांच्या सत्तेनंतर हा भाग गुजरातच्या सुलतानांकडे गेला. १५३४ च्या तहाने वसईसह साष्टी पोर्तुगीजांना मिळाली आणि सुमारे दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले व चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली १७३९ मध्ये वसई जिंकून घेतली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीचा कबजा घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो कायम झाला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला, तो आजच्या घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातून जातो. पश्चिमेकडील मार्ग १८६० नंतरच्या दशकात झाला. विहार तलावाचे पाणी १८६० पासून मुंबई शहराला मिळू लागले. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला व त्याचे मुख्य ठाणे वांद्रे येथे होते. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. बृहन्मुंबई जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑक्टोबर १९९० रोजी आजचा उपनगर जिल्हा अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सु. ९३.५७ लक्ष होती.

मराठीतील प्रारंभ : मराठीतील बालवाङ्मयाचा आरंभ नीतिकथांनी झाला. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये निघालेली बालबोधमुक्तावली ही इसापच्या कथांच्या अनुवादाची पोथी प्रसिद्ध आहे. मुंबईत १८२२ च्या सुमारास स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीसाठी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी बाळमित्र (१८२८) व इसपनीतिकथा (१८२८) ही पुस्तके रचली. त्यांत मुलाच्या वर्तनाला वळण लावण्याचा हेतू होता; त्याच्या भूमीचा इतिहास त्यांत नव्हता. याच सुमारास स्कॉटलंडमध्ये वॉल्टर स्कॉट याने आपल्या नातवासाठी म्हणून त्या प्रदेशाचा इतिहास गोष्टीरूपाने लिहिला (१८२८–३०). प्रदेशाचा इतिहास मुलांना गोष्टीतून सांगता येतो, याचे ते एक ठळक उदाहरण होय.

मराठीत शाळेसाठी इतिहास आला तो प्रथम इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने. ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला व कॅप्टन डेव्हिड केपन याने केलेला त्याचा मराठी अवतार मराठ्यांची बखर या नावाने अल्पावधीतच निघाला. पुढे अनेक वर्षे मराठी मुले आपल्या पूर्वजांचा वृत्तांत याच पुस्तकातून शिकत होती. १८६७–६८ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने या बखरीवर विस्तृत टीका लिहून डफच्या माहितीतील उणिवा दाखविल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचला, तो सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत व शूद्रातिशूद्रांच्या दृष्टिकोणातून होता. शाळेच्या पुस्तकातील इतिहास हा अंतिम शब्द नसून त्याची फेरतपासणी करता येते, ही जाणीव मराठीत या दोन लेखनांपासून रुजली. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केल्यावर या तपासणीस भक्कम आधार मिळाला.

नियतकालिके, चरित्रे व कादंबऱ्या : विनायक कोंडदेव ओक (१८४०–१९१४) यांनी १८८१ मध्ये मुंबईत बालबोध हे मासिक सुरू केले. थोर पुरुषांची लहान लहान चरित्रे हा त्याचा एक मुख्य विशेष होता. सोपी वाक्ये, थोडक्यात सांगितलेली हकीकत व शेवटी घ्यावयाचा बोध, असा एक साचा त्यातून तयार झाला. तो मराठी बालचरित्रांत दीर्घकाळ टिकला. वासुदेव गोविंद आपटे (१८७१–१९३०) यांच्या आनंद (१९०६) या पुण्याच्या मासिकाने ही परंपरा पुढे नेली. गो. स. सरदेसाई (१८६५–१९५९) यांच्या रियासती मूलतः बडोद्याच्या राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांतून वाढत गेल्या, ही गोष्टही येथे नमूद करण्यासारखी आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर (१८६०–१९३४) हे मुंबईतील शिक्षक. त्यांनी शिवाजी महाराजांचे व गौतम बुद्धांचे चरित्र लिहिले. १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमराव आंबेडकर यांना त्यांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. एखादे पुस्तक योग्य वयात हाती पडल्यास त्याचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचे महाराष्ट्राच्या इतिहासातील हे सर्वपरिचित उदाहरण आहे.

हरिभाऊ आपटे यांच्या उषःकाल व गड आला पण सिंह गेला आणि नाथमाधव यांच्या स्वराज्यविषयक कादंबऱ्या प्रौढांसाठी लिहिलेल्या असल्या, तरी कुमारवयीन वाचकांनी त्या आपल्याशा केल्या. स्वातंत्र्योत्तर काळात गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्या शिवकालीन कादंबऱ्या व दुर्गवर्णने आणि ब. मो. पुरंदरे (१९२२–२०२१) यांचे शिवचरित्र यांचाही असाच वाचकवर्ग होता. अनंत पै (१९२९–२०११) यांनी १९६७ पासून मुंबईतून संपादित केलेली अमर चित्र कथा ही माला मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाली. मराठी न वाचणाऱ्या उपनगरी मुलाला महाराष्ट्रातील ऐतिहासिक व्यक्तींची ओळख बहुधा अशा चित्रकथांतून होते. या सर्व लेखनाची रंगभूमी मात्र सह्याद्रीचे गड, मावळ व पुणे प्रांत ही होती. साष्टी त्यात क्वचितच येते.

राज्यस्थापनेनंतरची पाठ्यपुस्तके : १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. राज्यातील सर्व मुलांना समान पाठ्यपुस्तके मिळावीत या हेतूने २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाले. याच मंडळाचे किशोर हे मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले. पाठ्यपुस्तकांखेरीज अवांतर वाचनाची सोय अल्प किमतीत खेडोपाडी पोहोचविणे, हे त्याचे मोठे कार्य होय. चौथीच्या इयत्तेसाठी असलेले शिवछत्रपती हे इतिहासाचे पुस्तक अनेक पिढ्यांनी वाचले आहे. शिवपूर्वकालीन महाराष्ट्र, संतांचे कार्य, भोसले घराणे, शिवनेरी, तोरणा, प्रतापगड, आग्रा व राज्याभिषेक अशा क्रमाने जाणारे हे कथन मराठी माणसाच्या सामूहिक स्मृतीचा एक भागच झाले आहे.

मंडळाची पुस्तके मराठीबरोबरच हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू व सिंधी या भाषांतही निघत आली आहेत. घाटकोपर-मुलुंडमधील गुजराती माध्यमाच्या, कुर्ल्यातील उर्दू माध्यमाच्या किंवा अंधेरीतील इंग्रजी माध्यमाच्या राज्यमंडळाच्या शाळेतील मूल आणि बोरिवलीतील मराठी शाळेतील मूल, ही एकाच वयात एकच शिवचरित्र वाचतात. उपनगरासारख्या बहुभाषिक जिल्ह्यात राज्याविषयीची समान जाणीव निर्माण करण्याचे एवढे व्यापक साधन दुसरे क्वचितच असेल.

अशा प्रकारचे प्रयत्न अन्यत्रही झालेले आहेत. फ्रान्समध्ये १८७७ साली निघालेले एक शालेय वाचन-पुस्तक लोरेन प्रांतातील दोन अनाथ भावांच्या प्रवासातून देशाच्या सर्व प्रांतांची ओळख करून देते. स्वीडनमध्ये शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या विनंतीवरून सेल्मा लागरलव्ह (१८५८–१९४०) या लेखिकेने हंसांबरोबर उडत जाणाऱ्या मुलाची कथा लिहिली (१९०६–०७) व तिच्यात जिल्ह्याजिल्ह्याची भूमी, दंतकथा व व्यवसाय गुंफले. या दोन्ही पुस्तकांत मूल प्रथम आपला गाव सोडते आणि सर्व प्रांत पाहून देशाची कल्पना मनात बांधते. महाराष्ट्रातील अभ्यासक्रमाने उलट दिशा घेतली आहे. तिसरीच्या वर्गात जिल्ह्याची ओळख व चौथीत शिवचरित्र, म्हणजे जवळून दूर जाणे, हा त्याचा क्रम आहे. तिसरीची पुस्तके जिल्हानिहाय काढण्यात आली आहेत. जिल्ह्याचा नकाशा, तालुके, डोंगर, नद्या, व्यवसाय, वाहतूक व प्रेक्षणीय स्थळे असे त्यांचे स्वरूप असते.

दोन इतिहासांतील अंतर : तिसरी व चौथी यांच्या दरम्यानच उपनगरातील मुलापुढे एक अडचण उभी राहते. पुणे, सातारा किंवा रायगड जिल्ह्यातील मुलाला तिसरीत पाहिलेला आपला डोंगर चौथीच्या पुस्तकात पुन्हा भेटतो. बोरिवली किंवा मुलुंडच्या मुलाला तो भेटत नाही. कारण शिवाजी महाराजांच्या हयातीत (१६३०–८०) साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता. १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली व कल्याणच्या खाडीत जहाजबांधणीस आरंभ झाला. स्वराज्याची ही सीमा मुलुंडपासून फार दूर नव्हती, पण मुलुंड तिच्या आत नव्हते. ही साधी वस्तुस्थिती सांगितली नाही, तर मुलाचा समज दोनपैकी एका प्रकारे चुकतो. एकतर आपल्या परिसराला इतिहासच नाही असे त्याला वाटते, किंवा प्रत्येक जुन्या तटाचा व विहिरीचा संबंध तो शिवकालाशी जोडू लागतो.

ही वस्तुस्थिती स्पष्ट सांगितल्यास मात्र तिच्यातूनच अनेक प्रश्न उभे राहतात व इतिहास समजू लागतो. पोर्तुगीज येथे कसे आले, चिमाजी आप्पांना वसईची मोहीम का काढावी लागली, मंडपेश्वरच्या शैव लेण्यावर चर्चचे भग्नावशेष का दिसतात, गोराई, मरोळ व कुर्ला येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या घरात मराठीची बोली का बोलली जाते, या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ मध्ये धारण केले. त्याचे मूळ मात्र याच भूमीतील आहे. कोळी, आगरी, पाचकळशी, वारली इ. समाजांच्या स्मृतीही या इतिहासाचा भाग होत. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीत उत्तर कोकणातील वसाहतींचा व साष्टीतील गावांचा वृत्तांत आला आहे. ती बखर काळजीपूर्वक वापरावी लागते. तथापि आज लोहमार्गाची स्थानके म्हणून परिचित असलेली अनेक गावे किती जुनी आहेत, हे मुलांना दाखविण्यास तिचा उपयोग होऊ शकतो.

बोरिवलीजवळील एक्सर येथील वीरगळांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या कोरीव शिळांवर वल्ह्यांच्या नौकांचे युद्ध, वीरांचे मरण व त्यांचे स्वर्गारोहण दाखविलेले आहे. हे युद्ध कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. यादव राजा महादेव व उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात सु. १२६५ मध्ये झालेल्या संघर्षाशी अनेकांनी त्यांचा संबंध जोडला आहे. शिल्पात काय दिसते, त्यावरून काय अनुमान काढता येते आणि कोणती गोष्ट अनिर्णित राहते, या तीन पायऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही समजू शकतात. कान्हेरीच्या एका लेण्यातील पहलवी लिपीतील लेख असेच उपयुक्त आहेत. १००९ व १०२१ या वर्षांत तेथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावे त्यांत नोंदविली आहेत. परधर्मीय लोक या लेण्यांस भेट देत असत, हे शिकविण्यासाठी निराळ्या बोधवचनाची गरज उरत नाही.

दंतकथा व पुरावा : मुलांच्या पुस्तकांत दंतकथेला स्थान असावे की नाही, हा जुना वाद आहे. पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली, ही कथा महाराष्ट्रातील अनेक लेण्यांविषयी सांगितली जाते. तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमानंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, असे कित्येक पिढ्यांनी वाचले. परंतु १६७० पूर्वीच्या पत्रांतही सिंहगड हे नाव आढळते. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा शिवाजी महाराजांच्या चारित्र्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. प्रचलित स्वरूपातील या कथेला समकालीन साधनांत भक्कम आधार नाही, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. परस्त्रीविषयीच्या त्यांच्या धोरणाला मात्र अन्य पुरावा आहे. जुन्या पुस्तकांत महाराजांचे जन्मवर्ष १६२७ असे दिले जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केल्यावर १६३० हे वर्ष पुढे आले आणि कालांतराने राज्य शासनाने व पाठ्यपुस्तकांनी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

या उदाहरणांवरून असे दिसते, की मुलांच्या इतिहासग्रंथातून कथा काढून टाकण्याचे कारण नाही. कथा ही कथा म्हणून व पुरावा हा पुरावा म्हणून सांगितला जाणे अगत्याचे आहे. तानाजींचे शौर्य गडाच्या नावावर अवलंबून नाही. मोठेपणी पुराव्यांशी परिचय झाल्यावर वाचकाला आपली फसवणूक झाली असे वाटू नये, एवढी काळजी बालवाङ्मयाच्या लेखकाने घ्यावयाची असते. इतिहासात कशाला किती जागा द्यावी, हाही वादाचा विषय राहिला आहे. २०१७ मध्ये राज्यमंडळाच्या सातवीच्या इतिहासाची मांडणी महाराष्ट्र केंद्रस्थानी ठेवून करण्यात आली. आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने भारताचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न म्हणून तिचे समर्थन झाले, तर मोगल व अन्य सत्तांचा वृत्तांत संक्षिप्त झाल्याबद्दल टीकाही झाली.

आधुनिक काळाची उपेक्षा : उपनगराच्या अर्वाचीन इतिहासाला मुलांच्या पुस्तकांत आणखी थोडी जागा मिळते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ले येथे सत्याग्रहींची छावणी होती व जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला प्रभृती तिच्याशी निगडित होते. दांडी व शिरोडे यांच्या मानाने तिचा उल्लेख मुलांसाठीच्या लेखनात क्वचित येतो. विक्रोळीतील कन्नमवारनगर हे नाव राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार (१९००–६३) यांच्यावरून पडले आहे. घाटकोपरचे पंतनगर गोविंद वल्लभ पंत यांचे स्मरण देते. ही नावे मुले रोज बसच्या पाटीवर वाचतात, परंतु त्या व्यक्तींविषयीचे वाचन त्यांच्या हाती सहसा पडत नाही. आरे दुग्ध वसाहत, तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेली अप्सरा ही अणुभट्टी, गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातून उपनगरांत आलेली कुटुंबे, हे विषय या परिसरातील कित्येक घरांच्या प्रत्यक्ष अनुभवातील आहेत. राज्याचा इतिहास राजे व लढाया यांच्यापाशी थांबत नाही, हे दाखविण्यास ते विशेष उपयोगी पडतील.

वाचनाची साधने व संस्था : उपनगरांत मराठी वाचनाची परंपरा संस्थांच्या आधाराने वाढली. विलेपार्ले येथील पार्ले टिळक विद्यालय (१९२१) व लोकमान्य सेवा संघ (१९२३), मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय, तसेच १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या उपनगरांतील शाखा यांचा या संदर्भात निर्देश करता येईल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने (१९६७) अशा ग्रंथालयांना शासकीय साहाय्याची चौकट मिळाली. प्रौढांसाठी मुंबईविषयी विपुल लेखन झाले आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे मुंबईचे वर्णन (१८६३), आचार्य व शिंगणे यांचा मुंबईचा वृत्तांत (१८८९), ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर (१८८२) व न. र. फाटक यांचे मुंबई नगरी (१९८१) हे ग्रंथ त्याची साक्ष देतात. या सामग्रीतून मुलांना झेपेल असे साष्टीविषयीचे कथन तयार होण्याचे प्रमाण मात्र अल्प आहे.

पुस्तकातील इतिहास मुले आपल्या हातांनी उभा करतात, याचे उदाहरण म्हणजे दिवाळीतील किल्ले होत. चाळींच्या अंगणांत व गृहसंकुलांच्या आवारांत माती, दगड व गोणपाट यांचे रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग उभे राहतात. बुरुज कोठे, बालेकिल्ला कोठे, चोरवाट कोणत्या बाजूस, यांसाठी पुस्तके व नकाशे धुंडाळले जातात. अमराठी घरांतील मुलेही या खेळात सामील होतात व त्या निमित्ताने मराठी शब्द उचलतात. वसईचा किंवा वेसाव्याचा किल्ला अशा रीतीने क्वचितच केला जातो. त्याला कारण कौशल्याचा अभाव नसून त्याविषयीच्या वाचनाचा अभाव हेच आहे.

सद्यःस्थिती : उपनगरांतील शिक्षणाचे चित्र गेल्या काही दशकांत पालटले आहे. मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या घटली असून इंग्रजी माध्यमाच्या व केंद्रीय मंडळांशी संलग्न शाळा वाढल्या आहेत. अखिल भारतीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत महाराष्ट्राच्या इतिहासाला स्वाभाविकपणेच मर्यादित जागा मिळते. अशा शाळेतील मूल अंधेरीत वाढूनही कान्हेरी, वसई व संयुक्त महाराष्ट्राची चळवळ यांविषयी काहीही न वाचता शालेय शिक्षण पूर्ण करू शकते. राज्याने २०२० मध्ये अधिनियम करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले. भाषा शिकविण्याची तरतूद त्यामुळे झाली. त्या भाषेत वाचण्याजोगा परिसराचा इतिहास निर्माण करण्याचे काम लेखक, प्रकाशक, शिक्षक व ग्रंथालये यांच्याकडेच राहते.

त्यासाठी आवश्यक ती साधने या परिसरात उपलब्ध आहेत. लेणी, वीरगळ, तट, चर्च, तलाव, लोहमार्ग व वसाहती ही बहुतेक ठिकाणे लोकल गाडीच्या किंवा बसच्या अर्ध्या दिवसाच्या प्रवासात पाहता येतात. त्यांवरील अभ्यासपूर्ण लेखनही झालेले आहे. शिवचरित्राने मराठी मुलाला राज्याची ओळख दिली, तिच्या जोडीला साष्टीचा इतिहास मिळाल्यास आपण राहतो तो भाग महाराष्ट्रात केव्हा व कसा सामावला, हे उपनगरातील मुलाला कळेल. त्याचे आजोबा कोणत्याही प्रांतातून आलेले असोत, पायाखालच्या भूमीचा इतिहास त्यालाही आपला म्हणता येईल.